डब्यात उरलेली चिठ्ठी

चतुराबाई खरातांनी बदनापूरच्या ख्रिस्ती शिबिरात पाळकसाहेबांच्या डोक्यात उलथनं घातलं, ही बातमी जालन्यात एमआयडीसीच्या अलीकडच्या गल्लीत शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास आली. चार वाजेपर्यंत पाळकसाहेबांना सहा टाके पडले होते. पाच वाजता नळाला पाणी आलं, बाया हंडे घेऊन जमल्या, तेव्हा तर त्यांना संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात हलवूनही झालं होतं.

बातमी आणणारा टेम्पोवाला कडूबा. तो शिबिरात पिठाची दोन पोती टाकायला गेला होता. त्यानं काय पाहिलं, तर चुलीपुढं पाळकसाहेब उभे, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हातात उलथनं. आणि चतुराबाई जागेवर नाही. एवढं पाहून तो परतला. त्यानं पाहिलेलं सगळं खरं होतं. मधल्या रिकाम्या जागा मात्र त्यानं बदनापूर ते जालना या रस्त्यात स्वतःच भरल्या.

खरी गोष्ट अशी की फडकं उन्हासाठी ओलं करून बांधलेला टॉवेल होता, डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं, आणि उलथनं चतुराबाईनं पाळकसाहेबांच्या डोक्यात नाही, हातात दिलं होतं. पण गल्लीला डोक्यातलं जास्त पटलं, यात गल्लीचा दोष नाही. चतुराबाईला ओळखणाऱ्या कुणालाही तेच पटलं असतं.

चतुराबाई छप्पन्न वर्षांची. बियाण्यांच्या कारखान्यात पिशव्यांची तोंडं शिवायच्या कामावर. दिवसभर शिलाई मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे घरी आल्यावरही ती मशीन चालू असल्यासारखीच बोलते. हाताची मोकळी, पण तोंडाची त्याहून मोकळी. तिनं कुणाला वाटीभर साखर दिली, तर ती चहात विरघळायच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माहीत व्हायचं. शेजारच्या तुळजाबाईला तिनं एकदा तापात तीन दिवस भाकरी करून घातल्या. तुळजाबाई चौथ्या दिवशी बरी झाली, पण ते ऐकून ऐकून पुढं महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. चतुराबाईच्या मनात वाईट काही नाही. केलेलं सांगितलं नाही, तर ते केलंच नाही असं तिला वाटतं, इतकंच.

अशी ही बाई दरवर्षी मे महिन्यात आठ दिवस कारखान्यातून सुट्टी टाकते आणि ख्रिस्ती तरुणांच्या उन्हाळी शिबिरात स्वयंपाकाला जाते. यंदाचं एकोणिसावं वर्ष. बदनापूरच्या पुढं रेल्वेरुळापलीकडे एक जुनं बोर्डिंग आहे. सात-आठ खोल्या, पत्र्याचं एक लांबलचक सभागृह, चार कडुलिंब, आणि पाणी एक दिवसाआड टँकरनं. तिथं भोकरदन, अंबड, मंठा, परतूर अशा तालुक्यांतली साठेक पोरं-पोरी येतात. कुणी नुकती दहावी दिलेली, कुणी कॉलेजात, कुणी एमआयडीसीत हेल्परकी करणारा. आल्या आल्या मोबाईल जमा. ते पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी चतुराबाईच्या स्वयंपाकघरात. तिच्याकडून मोबाईल काढून घेण्यापेक्षा आठ दिवस प्रार्थना केलेली परवडली, असं पोरं आपसात म्हणतात.

शिबिर चालवतात ते चर्चचे पाळकसाहेब कल्याणराव आढाव. सडपातळ, शांत, आणि चतुराबाईला न घाबरणारे जिल्ह्यातले एकमेव पुरुष. पोरांना सोडायला आलेल्या आई-बापांना ते दरवर्षी एकच सांगतात, "वचनं पाठ करायला घरी वर्ष आहे. भजनं मोबाईलवरही आहेत. इथं आठ दिवस त्यांना दुसऱ्यासाठी जगून पाहू द्या. जमलं तर घरी घेऊन येतील."

चतुराबाई हेच तिच्या भाषेत सांगते. "स्वतःचं ताट तर मांजरबी चाटून पुसून ठेवती. दुसऱ्याचं घासलं तर मी मानते."

तिनं स्वतः शिबिराची एकही सभा कधी बसून ऐकली नव्हती. सभागृह आणि स्वयंपाकघर यांत एक खिडकी आहे. गाणी तिथून ऐकू येतात, प्रवचनातलं अर्धंमुर्धं फोडणीच्या आवाजात बुडतं. ती सोळा वर्षांची असताना तिच्या गावातही पाळक येऊन गेले होते, पोरीला शिबिराला पाठवा म्हणून. त्या वर्षी बापानं तिला ऊसतोडीला नेलं, पुढल्या वर्षी लग्न झालं. हे मात्र तिनं गल्लीत कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. एवढ्या बोलक्या बाईनं ही एक गोष्ट कशी काय दाबून ठेवली होती, कोण जाणे.

शिबिरात एक जुनी रीत आहे. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकतात. ज्यानं-त्यानं एक उचलायची. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल तो आपला गुप्त मित्र. आठवडाभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि त्याचं काही ना काही काम करायचं, पण त्याला काय, कुणालाच कळू द्यायचं नाही. बादली भरून ठेव, चपलांची धूळ झाडून ठेव, आजारी पडला तर लिंबूपाणी नेऊन ठेव, पण ठेव आणि सटक. शेवटच्या सकाळी सगळे पाणी घेऊन आपापल्या मित्राकडे जातात आणि त्याच्या हातांवर ओततात, तेव्हाच कोण कुणाचं होतं ते उघड होतं. पाणी टँकरचं, म्हणून माणशी एकच पेला.

चिठ्ठ्या लिहायचं काम यंदा संध्या मॅडमकडे होतं. त्या शाळेत शिकवतात आणि शिबिरात पहिल्यांदाच आल्या होत्या. नावनोंदणीची वही कुठं दिसेना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली यादी घेतली. ती चतुराबाईनं पिठाचा अंदाज यावा म्हणून केलेली जेवणाऱ्यांची यादी. चतुराबाईचा हिशेब चोख. जेवणारं प्रत्येक तोंड तिच्यात, म्हणजे शेवटी तिचं स्वतःचंही. मॅडमनी शेवटपर्यंत इमानदारीनं उतरवून काढली.

सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि डब्यात एक उरली.

संध्या मॅडम घाबऱ्या झाल्या. "सर, एक जास्तीची कशी आली? परत करू या का सगळ्या?"

पाळकसाहेबांनी यादी पाहिली आणि हसू आवरलं. "जास्तीची नाही. चतुराबाईचं नाव कुणाला तरी गेलंय. आता ही उरलेली तिची." आणि त्यांनी खिडकीतून डबा आत सरकवला.

चतुराबाई पिठलं घोटत होती. "मला इथं मरायला फुरसत न्हाई, पाळकसाहेब! साठ लोकांचं करून राह्यले मी. हे कमी हाय का? आनखी कोनाची सेवा करू?"

"हे सगळ्यांना दिसतं, चतुराबाई. ते कुणाला दिसायचं नाही."

"मंग त्याचा फायदा काय?"

"तेच आठवडाभर शोधायचंय," असं म्हणून पाळकसाहेब प्रार्थनेला गेले.

चतुराबाईनं पदराला हात पुसून चिठ्ठी उघडली. शीतल, केदारखेडा.

शीतल कोण हे तिला विचारावं लागलं नाही. त्या दिवशी साठ ताटांतलं एकच ताट भरलेलं परत आलं होतं, ते त्या पोरीचं. सतरा वर्षांची, किडकिडीत, तोंडातून शब्द नाही. केदारखेड्यात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. नाताळला एकटेच, रविवारी एकटेच. गावात वैर कुणाशी नाही, पण हिला आपल्यासारखी पोर कधी दिसलीच नव्हती. बापानं जबरदस्तीनं आणून सोडलं होतं. पिशवी तिनं उघडलीसुद्धा नव्हती. संध्या मॅडमला तिनं सांगून टाकलं होतं, की बुधवारच्या गाडीनं मी जाणार.

आपलं जेवण परत पाठवणारं माणूस जगात असू शकतं, याचाच चतुराबाईला पहिला धक्का होता. दुसरा त्याहून मोठा. ही पोर बुधवारी गेली, तर आपल्या वाट्याचं माणूस आपल्याला सांभाळता आलं नाही असं होणार. आणि तिसरा तर असा, की पोरीला समोर बसवून, दोन शिव्या आणि चार घास घालून ठिकाणावर आणायचं जे काम चतुराबाईनं तासाभरात केलं असतं, तेच तिला मना होतं. तोंड वापरायचं नाही. म्हणजे पैलवानाला हात मागं बांधून कुस्तीला उतरवल्यासारखंच.

सोमवारी दुपारी सगळे अभ्यासवर्गात असताना ती पोरींच्या खोलीत शिरली. शीतलची खाट पश्चिमेच्या भिंतीला, उन्हानं तापून लाल. चतुराबाईनं एक गोणपाट ओलं केलं आणि खिडकीवर टांगलं. उशाखाली शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू कागदात गुंडाळून ठेवले. मग तिची नजर त्या पिशवीकडे गेली. पट्टा एका बाजूनं तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. पिशवी लपवून टाकावी, म्हणजे जाईलच कशी, असा विचार तिच्या मनात आला होता. हे तिनंच नंतर कबूल केलं. पण मग तिनं दाभण आणि जाड दोरा काढला आणि बियाण्याच्या पिशवीची पक्की दुहेरी शिलाई घालून पट्टा जोडून टाकला. पळून जायला निघालेल्या पोरीची पिशवी शिवून देणारी मी एकटीच येडी, असं पुटपुटत ती चुलीकडे परतली.

इकडे तिची स्वतःची वेगळीच गंमत चालू होती. मंगळवारी पहाटे ती उठली तर पिंप भरलेलं. तवा राखेनं घासून लखलखीत. कोपऱ्यात दोन किलो कांदे सोललेले, पण असे, की सालीबरोबर निम्मा कांदा गेलेला.

"कोन हाय रे तो?" ती रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. "सेवा करायची तर बराबर कर की! कांदा सोलला का कापूस येचला?"

बुधवारी कांदे बरे सोललेले होते. म्हणजे सेवा करणारा कान देऊन होता.

कोण असेल, हे शोधल्याशिवाय चतुराबाईला राहवेना. तिचा संशय मिथुनवर गेला. मिथुन मंठ्याचा, रेड्यासारखा आडदांड, एका बैठकीला आठ भाकरी खाणारा. पिंप भरायला ताकद लागते आणि कांद्याची नासाडी करायला अडाणीपणा. दोन्ही त्याच्याकडे भरपूर. झालं. त्या दिवसापासून मिथुनच्या वरणावर तुपाची धार पडू लागली. तो बिचारा काही न कळता खात होता. शिबिरात माणसावर ख्रिस्ताची कृपा होते असं त्याच्या आईनं सांगितलं होतं, ती हीच असावी असं त्याला वाटलं.

बुधवारची एसटी साडेअकराची. चतुराबाई स्वयंपाकघराच्या दारातून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. सव्वाअकरा झाले. शीतल पिशवी घेऊन बाहेर आली, कडुलिंबाखाली उभी राहिली. पट्ट्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग पायरीवर बसली. गाडीचा हॉर्न वाजला, गाडी गेली, आणि पोर तशीच बसून. दुपारच्या पंगतीत तिनं दोन भाकरी खाल्ल्या. चतुराबाईनं हे वाढतावाढता पाहिलं आणि तोंड उघडलं, "काय गं—" एवढं म्हणून कढईकडे वळली. पुढचं वाक्य कढईतल्या वांग्यांनी ऐकलं.

गुरुवारी तर शीतल बोलायला लागली. तिच्या शेजारच्या खाटेवर अंबडची प्रिया होती, कॉलेजातली, हसरी पोर. दोघी डोक्याला डोकं लावून गाण्याची वही उतरवत बसल्या. चतुराबाईचं मन भरून आलं. एवढं चांगलं काम आपण केलं आणि सांगायला एक माणूस नाही, याचाही त्यात थोडा भाग होता.

मग शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी साक्षीची सभा असते. ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं उभं राहून सांगायचं. चतुराबाई तव्यावर भाकरी टाकत होती, कान खिडकीशी. शीतल उभी राहिली. आवाज बारीक, पण स्पष्ट.

"आमच्या गावात मी एकटीच असते. इथं पण एकटीच राहणार असं वाटलं होतं. पण कुणीतरी माझ्या उशाशी लाडू ठेवले. खिडकीला ओलं गोणपाट लावलं. माझा पट्टा शिवला. त्या दिवशी मी निघालेच होते. मला म्हणायचं होतं की... प्रिया, थँक्यू. मला माहीत आहे तूच आहेस. तू रोज पहाटे गुपचूप उठून जातेस ते मी पाहिलंय."

टाळ्या वाजल्या. चतुराबाईनं उलथनं हातात घेऊन खिडकीतून डोकं आत घातलं. आता ही प्रिया म्हणेल, छे गं, मी नाही. प्रिया उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला. "मी... मला आत्ता काही बोलता येणार नाही," एवढं म्हणून ती खाली बसली. पुन्हा टाळ्या. शीतलनं तिच्या गळ्यात हात टाकला.

चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लाडू आपले, दोरा आपला, गोणपाट आपलं, आणि टाळ्या त्या अंबडवालीला! साखरेच्या वाटीची दवंडी पिटणाऱ्या बाईवर काय वेळ आली होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य तोंडातून काढायचं होतं. सगळ्या सभागृहानं वळून पाहिलं असतं. आणि खिडकीतून तिला शीतलचा चेहरा दिसला. ती पोर हसत होती, पाच दिवसांत पहिल्यांदा दात दाखवून. खरं सांगितलं तर ते हसू कुठं जाईल?

तव्यावरची भाकरी जळायला लागली. वास आला म्हणून पाळकसाहेब धावत मागच्या दारानं आत आले. "चतुराबाई, काय झालं?"

चतुराबाईनं त्यांच्या हातात उलथनं कोंबलं. "हे बघा तुम्ही. माझं तोंड आता माझ्या ताब्यात न्हाई. हितं खिडकीपाशी ऱ्हायले तर बोलून जाईन."

"मग कुठं निघालात?"

"आत. सभेत. तिथं तरी बाईला गप बसावं लागतं ना?"

आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चतुराबाई खरात सभागृहात गेली, शेवटच्या सतरंजीवर पाय पसरून बसली आणि पदर तोंडात धरून राहिली. इकडे पाळकसाहेबांनी टॉवेल ओला करून डोक्याला बांधला आणि धुरात डोळे पुसत भाकरी भाजायला घेतल्या. कडूबाचा टेम्पो आला तो याच घटकेला. त्या दिवशीच्या भाकरी आकारानं जिल्ह्याच्या नकाशासारख्या झाल्या होत्या, असं मिथुन सांगतो. त्यानं तरी आठ खाल्ल्या.

आत चतुराबाई बसून राहिली. पहिल्यांदा रागानं, मग राग थकल्यावर नुसतीच. पोरं एकामागून एक उठत होती. एक जण म्हणाला, बापाशी वर्षभर बोललो नाही, घरी गेलो की बोलणार. एक पोर म्हणाली, मला कुणीतरी रोज बादली भरून ठेवतं, आमच्या घरी हे काम मीच सगळ्यांसाठी करते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. हे खिडकीतून कधी ऐकू आलं नव्हतं. गाणं सुरू झालं तेव्हा तिनंही म्हटलं. शब्द तिला सगळे पाठ होते. एकोणीस वर्षं खिडकीतून शिकली होती.

शनिवारची सकाळ. पाणी ओतायची वेळ. सगळे अंगणात, प्रत्येकाच्या हातात एकेक पेला. पाळकसाहेबांनी शिट्टी वाजवली आणि एकच धांदल उडाली, कुणी हसतंय, कुणी चुकून भलत्याच्या पुढं उभं. चतुराबाईनं मुद्दामच पेला घेतला नव्हता. तिनं ठरवलं होतं, पोरीला प्रियाच आपली वाटते तर वाटू दे. दोघींची गट्टी जमली, तेच बस झालं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मिथुनची वाट पाहत होती. मिथुन एका चष्मेवाल्या पोराकडे गेला.

आणि तिच्यापुढं प्रिया येऊन उभी राहिली.

"मावशी, हात पुढं करा."

"तू? पिंप तू भरत हुती? कांदे?"

"पहिल्या दिवशी चुकले ना. मी घरी कधी कांदे सोललेच नव्हते, मावशी. तुम्ही ओरडल्या ते मी दाराआड ऐकलं."

"अन् मंग काल सभेत तू गप का बसली?"

"काय सांगणार? मी शीतलची नाही म्हटलं असतं, तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग पहाटे जातेस कुठं? तुमचं नाव फुटलं असतं."

चतुराबाईनं त्या पोरीला मनातल्या मनात चोर, लबाड, फुकटची मानकरीण असं काय काय म्हणून घेतलं होतं. आता तीच पोर हातांवर पाणी ओतत होती. पाणी ओतता ओतता प्रियानं मागं पाहिलं आणि तिचा हात थांबला.

अंगणाच्या मधोमध शीतल उभी होती. तिचं पाणी एका धाकट्या पोरीच्या हातांवर ओतून झालं होतं. तिचे स्वतःचे हात मात्र पुढं केलेले, कोरडे. प्रिया आपल्याकडे येईल म्हणून तिनं ते पुढं केले होते, आणि प्रिया तिला ओलांडून स्वयंपाकघराकडे गेली होती. सगळ्यांचे मित्र सापडले होते. तिच्याकडे कुणी येत नव्हतं. ती हात हळूहळू खाली घ्यायला लागली.

चतुराबाईनं प्रियाच्या हातातला पेला काढून घेतला. त्यात निम्मं पाणी उरलं होतं. दुखरे गुडघे विसरून ती अंगणभर चालत गेली, आणि गल्लीतल्या कुणालाही खोटं वाटेल, पण एक शब्द न बोलता तिनं त्या पोरीचे हात धरले आणि पाणी ओतलं. मग पदरानं पुसले.

"मावशी... तुम्ही होत्या?" शीतलनं विचारलं.

चतुराबाईनं मान डोलावली. बोलायची परवानगी आता मिळाली होती, आणि आता नेमका आवाज निघेना.

शीतलचे डोळे भरले आणि ओठ हसायला लागले. "मावशी, ते लाडू खारट होते."

तेव्हा कुठं चतुराबाईचा आवाज परत आला. "साधे शेंगदाने सरले हुते! खारेच उरले हुते डब्यात. मंग खाल्ले कशाला? फेकायचे की!"

"कुणीतरी माझ्यासाठी ठेवले होते ना. कसे फेकू?"

पाळकसाहेब बाजूलाच उभे होते. त्यांना या क्षणी काहीतरी चांगलं बोलता आलं असतं, पाळक माणसाला येतंच. पण त्यांनी फक्त टॉवेलनं तोंड पुसलं.

त्या दुपारी शेवटच्या पंगतीला प्रिया आणि शीतल दोघी स्वयंपाकघरात आल्या. एकीनं चतुराबाईचा पदर धरला, दुसरीनं पाट मांडला. चतुराबाई म्हणत होती, अगं वाढायचं राहिलंय, अगं वरण उतरवायचंय. शीतलनं विचारलं, "मावशी, आधी सांगा, तुम्ही जेवल्या का?" चतुराबाई दार, चूल, आणि खिळ्याला टांगलेली यादी यांच्याकडे पाहत राहिली. मग पाटावर बसली. ताट पुढं आलं. पहिला घास घेतल्यावर ती म्हणाली, मीठ कमी हाय. दुसऱ्या घासाला तेही म्हणाली नाही.

संध्याकाळी भांडी न्यायला कडूबा टेम्पो घेऊन आला. पाळकसाहेबांचं डोकं धड पाहून त्याची थोडी निराशा झाली, पण त्यांनीच भगोणी टेम्पोत चढवायला हात लावला, तेव्हा त्याला गप्प बसावं लागलं. शीतलला न्यायला तिचा बाप आला होता. ती पिशवी खांद्याला लावून फाटकातून तीनदा मागं वळली. चतुराबाई पुढच्या सीटवर बसली. बदनापूर मागं पडलं, मोसंबीच्या बागा सुरू झाल्या, तरी ती काही बोलेना. कडूबाला हे मानवेना. पोरांकडून थोडंफार ऐकलेलं होतंच, त्यावरून त्यानं तिला डिवचायला सुरुवात केली. सहा दिवस एक गोष्ट तुमच्या पोटात ऱ्हायली म्हने? मंग पोट फुगलं आसंल. दाखवायचं का डॉक्टरला?

चतुराबाईनं सगळी हकिकत सांगितली. लाडवापासून पेल्यापर्यंत, एकही कांदा न गाळता. सांगता सांगता दोनदा थांबून तिनं डोळे पुसले, ते कडूबानं आरशात पाहिलं आणि त्याची थट्टा जराशी मऊ झाली. पण सवय ती सवय.

"ते सगळं बराबर हाय, मावशी," तो गिअर टाकत म्हणाला. "पन आठ दिवस कामाचा खाडा, त्यात गुडघे गेलेले, चुलीपुढं जीव भाजला. येवढं करून शेवटी तुम्हाला भेटलं काय तिथं?"

चतुराबाई म्हणाली, "एकोनीस साल मी वाढून राह्यले, कडूबा. आज दोन पोरींनी मला हाताला धरून खाली बसवलं अन् इचारलं, मावशी, तुम्ही जेवल्या का? तुझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. तू हे कधी इचारलं का तुझ्या बायकोला? आज घरी गेल्यावर इचार. अन् काय भेटलं ते मंग तिलाच इचार."